हलक्या हाताचं इंग्रजी

माझ्या चुलत बहिणीचा हात हलका आहे. आमच्या भागात हे इंजेक्शन देणाऱ्याबद्दल म्हणतात. सुई कधी शिरली आणि कधी निघाली हे कळलं नाही, की माणूस बाही खाली ओढत म्हणतो, "हात लई हलका हाय." मी स्वतः ते अनुभवलं आहे. एकदा नेकनूरला काकांकडे गेले असताना पायात गंजका खिळा गेला. बहीण तेव्हा गावातल्याच एका दवाखान्यात नर्स होती. तिनं मला तिथं नेलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन भरलं. मी डोळे घट्ट मिटून, दात आवळून बसले. जरा वेळानं ती म्हणाली, "अक्का, उघड की डोळे. किती वेळ बसतीस अशी?"

"तू दे आधी."

"दिऊन, सुई टाकून, हात धुऊन आले मी."

त्या दवाखान्यात म्हाताऱ्या बायका डॉक्टरांना तोंडावर सांगायच्या, "तुमी ऱ्हाऊ द्या साहेब. तुमी नुसतं लिहून द्या. टोचायला पोरीला धाडा." डॉक्टर हसून बाजूला व्हायचे. तिचा हात हलका आहे हे तिला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं होतं.

हा "हलका" शब्द इंग्रजीत नेताना काय झालं ते मला लिहायचं आहे. ते झालं तेव्हा मी त्याच खोलीत होते.

मी बीडमध्ये वाढले. वडिलांना शहरात नोकरी लागली आणि मला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलं. काका गावातच राहिले. थोडी कोरडवाहू जमीन आहे, तिच्यावर वर्ष निघत नाही, म्हणून दसरा झाला की काका-काकू ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या तळावर बांबू-ताडपत्रीची कोपी बांधून राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. बहीण लहानपणी त्यांच्याबरोबर जायची. पुढं वसतिगृहात राहून शिकली, नर्सिंगचा कोर्स पूर्ण केला. माझ्याहून ती थोडी लहान, पण बोलण्यात कितीतरी मोठी.

माझं बोलणं कमी आहे. नातेवाइकांत माझ्या तोंडून एखादा इंग्रजी शब्द गेला तर कुणीतरी म्हणतं, "आली मड्डम." मी सांभाळून नीट मराठी बोलले तर म्हणतात, "किती छापील बोलतीय बघा." दोन्हीकडून हसंच होणार असेल तर गप्प राहिलेलं बरं, हे मी शाळेत असतानाच ठरवून टाकलं. लग्नकार्यात मी पाण्याचा जग घेऊन पंगतीतून फिरते. पाणी वाढणाऱ्या मुलीला कुणी थांबवून प्रश्न विचारत नाही.

म्हणून बहिणीचा फोन आला तेव्हा मला आश्चर्यच वाटलं.

"अक्का, ये की हिकडं. आठ दिवस ऱ्हा. मला इंग्रजी शिकव."

"आठ दिवसांत?"

"सगळी नको. मुलाखतीपुरती."

तिची अडचण मला माहीत होती. डॉक्टर गावातला दवाखाना बंद करून लातूरला जाणार होते, म्हणजे हिचं काम सुटणार होतं. काका-काकूंची टोळी दसऱ्यानंतर निघणार होती. आणि लग्नाच्या वयाची पोरगी बंद घरात एकटी ठेवून आमच्याकडे कुणी जात नाही. काकूंनी सरळ सांगून टाकलं होतं, "नोकरी लागली तर लागली. न्हाई तर चल आमच्यासंगं. कोपीवर सैपाक कर, तवर स्थळं बघू." पुण्याच्या दोन हॉस्पिटलांच्या मुलाखतींत ती इंग्रजीपाशी अडकली होती. आता तिसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलनं बोलावलं होतं. राहायची सोय त्यांचीच होती. मुलाखत व्हिडिओवर, पूर्ण इंग्रजीत. दसऱ्याच्या आधीची हीच शेवटची संधी होती.

"एवढं शिकून मी तळावर भाकऱ्या थापायला जाऊ का?" ती फोनवर म्हणाली. ती रडत नव्हती. खरंच विचारत होती.

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं नेकनूरला गेले.

औषधांची नावं, मात्रा, वॉर्डातली कामं हे सगळं तिला इंग्रजीत येत होतं, कारण ते ती रोज करत होती. अडायचं ते एकाच ठिकाणी. स्वतःबद्दल सांगा म्हटलं की ती थांबायची.

"काय सांगू? चांगली हाय म्हणू का?"

मी तिला शाळेत आम्हाला शिकवलेली जोडविशेषणं दिली. हार्ड-वर्किंग, काइंड-हार्टेड. दोन शब्द, मध्ये एक छोटी आडवी रेघ, आणि दोन्ही मिळून एकच विशेषण. आमच्या बाई सांगायच्या की अशी दोन-चार विशेषणं पेरली की बोलणं भरदार होतं.

"हार्ड-वर्किंग कळलं," बहीण म्हणाली. "पण हे हार्टेड काय हाय? हार्टचा भूतकाळ का?"

"नाही गं. भूतकाळ नाही."

"ईडी लागलं की भूतकाळ, असं आमाला शिकिवलंय. म्हंजे मन दयाळू होतं, आता न्हाई ऱ्हायलं, असं हुतंय की."

मी तो शब्द लहानपणापासून वापरत आले होते, पण त्या ईडीकडे कधी थांबून पाहिलं नव्हतं. थोडा विचार करून मी म्हटलं, "इथं ईडी म्हणजे 'असलेली'. दयाळू मन असलेली."

"मग असं सांग की. दयाळू मनाची. आपण नुसतं 'ची' लावतो, ते ईडी लावतेत."

तिथून तिला वेडच लागलं. शरीराचा कुठलाही अवयव घ्यायचा, पुढं एक गुण ठेवायचा, शेवटी ईडी लावायचं. समोरच्या घरातल्या बाईला तिनं लाँग-टंग्ड करून टाकलं. गिरणीवाल्याला फॅट-नेक्ड. मग स्वतःकडे वळून म्हणाली, "मी कोल्ड-हेडेड हाय. थंड डोक्याची."

"कोल्ड नाही. कूल-हेडेड."

"दोन्ही गारच की."

"कोल्ड-हेडेड असं कुणी म्हणत नाही."

"कावून?"

"नाही म्हणत. बस."

"तुमच्या इंग्रजीत 'कावून' इचारलं की 'बस' म्हणतेत."

चुलीपुढं बसलेल्या काकू इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मला काय म्हणायचं गं इंग्रजीत?"

"तुला? शॉर्ट-टेम्पर्ड," बहीण म्हणाली.

"म्हंजे?"

"लई मायाळू."

काकू खूश झाल्या. दुपारी दळण आणायला जाताना त्यांनी शेजारणीला तो शब्द सांगितलाही. मी आत तोंडाला ओढणी लावून बसले होते.

हलक्या हाताचा विषय काढला तो तिनंच. "खरा गुण तर राहूनच गेला," ती म्हणाली. "हार्ड-वर्किंग सगळ्याच म्हणत असतील. माझा हात हलका हाय ते सांगायचं." मी फोनवरच्या शब्दकोशात पाहिलं. लाइट-हँडेड असा शब्द होता, हळुवार हाताचा असा अर्थही होता. फार ऐकण्यातला नव्हता, पण चुकीचा नव्हता. मी म्हटलं चालेल. तिनं चारही विशेषणं ओळीनं पाठ केली आणि भांडी घासताना म्हणत राहिली.

मुलाखतीच्या सकाळी पुढच्या खोलीत तयारी केली. भिंतीवरची दिनदर्शिका काढली. खुर्चीमागं काकूंची ठेवणीतली पांढरी चादर बांधली. समोरच्या गिरणीवाल्याला जाऊन काकूंनी सांगितलं की तासभर पट्टा चालू करू नको, पोरीची परीक्षा आहे. लॅपटॉप माझा होता आणि नेट माझ्या मोबाइलचं. रेंज फक्त खिडकीत यायची.

हॉस्पिटलच्या संदेशात लिहिलं होतं की उमेदवारानं खोलीत एकटं बसावं.

"मी बाहेर थांबते," मी म्हटलं.

"आन् मदीच नेट गेलं तर? मी कॅमेऱ्यापुढनं उठून खिडकीपाशी पळू का?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू बस गं. तू दिसली न्हाईस तर माझी वाचाच बसल."

मग मी खिडकीखाली, कॅमेऱ्याच्या बाजूला, ज्वारीच्या पोत्याला टेकून बसले. हात वर करून मोबाइल सांभाळायचा आणि गप्प राहायचं, एवढंच माझं काम होतं. त्यातलं दुसरं मला छान जमतं. काकू दाराबाहेर कोंबड्या आणि माणसं अडवत उभ्या होत्या.

पडद्यावर दोघं होती. एक नर्सिंग विभागाच्या प्रमुख मॅडम, पिकलेले केस मागं घट्ट बांधलेले. त्यांना मराठी येत नव्हतं हे पहिल्याच मिनिटाला कळलं. शेजारी ऑफिसातला एक तरुण, तो बोलत नव्हता, मान हलवत होता. मला पडदा तिरका दिसत होता, आवाज मात्र स्वच्छ येत होता. सुरुवात चांगली झाली. बहिणीनं कोर्स सांगितला, दवाखान्यातलं काम सांगितलं. एका ठिकाणी अडखळली, पण पुढं गेली. माझी मान जरा सैल झाली.

मग मॅडमनी विचारलं, आम्ही तुम्हालाच का घ्यावं?

बहीण ताठ बसली. मी तिच्याबरोबर मनात म्हणत होते. हार्ड-वर्किंग. काइंड-हार्टेड. कूल-हेडेड.

"ॲण्ड लाइट-फिंगर्ड," ती म्हणाली.

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. लाइट-हँडेड म्हणजे हळुवार हाताची. लाइट-फिंगर्ड म्हणजे जिची बोटं दुसऱ्याच्या पिशवीतून हलकेच फिरून येतात आणि पिशवीतलं काहीतरी कमी होतं ती. भुरटी चोर. शब्दात फरक इतकाच, हाताच्या जागी बोटं.

मॅडमनी चष्मा वर सरकवला. त्यांनी तो शब्द सावकाश परत उच्चारला आणि विचारलं, तुम्ही तशा आहात?

"येस मॅडम," बहीण आनंदानं म्हणाली. तिला वाटलं, शेवटी एकदाचं काहीतरी नेमकं लागलं. "व्हेरी."

पुढचं सगळं इंग्रजीत झालं. मी ते मराठीत लिहिते आहे.

"हे कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात, मॅडम. सगळ्या गावाला माहीत आहे."

"तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे?"

"त्यांनीच तर मला पहिल्यांदा सांगितलं."

"आणि तरी त्यांनी तुम्हाला ठेवलं?"

"त्याच्यासाठीच ठेवलं, मॅडम. पेशंट मलाच बोलावतात. मी काम करून निघून जाते, त्यांना कळत पण नाही. लहान मुलांना तर अजिबात कळत नाही."

शेजारच्या तरुणानं तोंडावर हात ठेवला आणि खाली टेबलाकडे पाहू लागला. मॅडमचा चेहरा मात्र हलला नाही. त्या खुर्चीत मागं टेकल्या. दोन मुलाखतींतून परत आलेली बहीण मला आठवत होती, आणि मागं टेकलेल्या मॅडम काय ठरवताहेत हेही दिसत होतं.

मी बोलले तर खोलीत कुणीतरी बसलंय हे उघड होणार होतं. नियम मोडला, बाजूला बसून कुणीतरी उत्तरं पुरवतंय, असंच त्यांना वाटणार, आणि तिथंच सगळं संपणार. नाही बोलले तर तिनं स्वतःच्या तोंडानं दिलेला चोरीचा कबुलीजबाब तसाच राहणार होता. बहिणीनं तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा बघून तिचं हसू अर्ध्यावर थांबलं, पण काय चुकलं ते तिला कळेना.

"मॅडम, तिला तसं म्हणायचं नाहीये," मी म्हटलं.

माझा आवाज मला मोठा वाटला. 

"हू इज दॅट?" मॅडम म्हणाल्या.

"तिची बहीण."

"तिला एकटं बसायला सांगितलं होतं. तुम्ही तिला उत्तरं सांगताय?"

"मॅडम, मी सांगत असते तर ती हे बोलली नसती."

तो तरुण हसला. मोठ्यानं, मग लगेच सॉरी म्हणाला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉप फिरवायला सांगितलं. बहिणीनं तो वळवला, आणि पांढऱ्या चादरीच्या मागची खरी खोली पुण्याला दिसली. दोरीवरचे कपडे, भिंतीशी रचलेली पातेली आणि बांधाबांध झालेली गाठोडी, दारात झाडू घेऊन उभ्या काकू, आणि पोत्याला टेकून एक हात वर धरलेली मी.

मी उठून उभी राहिले. शाळेत फळ्यासमोर उभं केल्यावर राहायचे तशी. मी सांगितलं की मराठीत इंजेक्शन न दुखवता देणाऱ्याचा हात हलका आहे असं म्हणतात. ती ते इंग्रजीत सांगायला गेली. दुसरा काहीही अर्थ तिला माहीत नाही. वाक्यं तुटक आली, पण आली. तरुणानं मान हलवली आणि मॅडमना म्हणाला की हो, आमच्या घरीही असंच म्हणतात.

बहिणीनं लॅपटॉप परत स्वतःकडे वळवला. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या भाषेत सांगा," त्या म्हणाल्या.

बहीण म्हणाली, "मॅडम, माझा हात हलका हाय. सुई टोचल्याली कळत न्हाई." तरुणानं ते इंग्रजीत सांगितलं. मग मॅडमनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं. मी मोबाइल खिडकीत टेकवून ठेवला आणि गेले.

"काढून दिलं का तुला?" काकूंनी बाहेर विचारलं.

"हो."

"आन् तिला?"

"तिची चालू आहे अजून."

"तू कावून बोललीस मग? तू तर घरच्यांत बी बोलत न्हाईस." त्या रागावल्या नव्हत्या. पण झाडू त्यांनी उगाच दोनदा उंबऱ्यावर आपटला. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मग तेही थांबले आणि बहीण बाहेर आली. ती आधी माझ्याकडेच आली.

"तुला कुणी सांगितलं होतं मदी बोलायला? चांगलं चाललं होतं की माझं! मॅडम किती इचारायल्या होत्या!"

मी तिला शब्दाचा अर्थ सांगितला.

ती पायरीवर बसली.  मग हळूहळू तिला आपलं एकेक उत्तर आठवायला लागलं. "सगळ्या गावाला माहीत हाय म्हणले मी. डॉक्टरला म्हायती हाय म्हणले. अक्का, त्याच्यासाठीच ठिवलं म्हणले मी!"

"काय म्हायती हाय?" काकूंनी विचारलं.

"मी चोर हाय म्हणून."

काकूंना सगळं समजायला वेळ लागला, पण समजल्यावर त्या भिंतीला टेकून हसल्या, पदर तोंडात धरून. "डॉक्टरला फोन लाव," त्या म्हणाल्या, "म्हणावं कपाट बघून घ्या लातूरला जायच्या आदी."

बहीण हसली नाही. आत जाऊन चादर सोडायला लागली. मी गेल्यानंतर मॅडमनी तिला आणखी काही विचारलं होतं. लहान मुलाची मात्रा वजनावरून कशी काढायची, शीर सापडत नसेल तर काय करायचं. ती उत्तरं तिला येत होती. शेवटी त्या म्हणाल्या होत्या, कळवू. आधीच्या दोन्ही ठिकाणीही शेवटी हेच म्हणाले होते.

संध्याकाळी आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो. गिरणी परत सुरू झाली होती आणि सकाळचा वेळ भरून काढत होती.

"तू हँडेड सोडून फिंगर्ड का म्हणालीस?" मी विचारलं.

"मला वाटलं, सुई काय आख्ख्या हातानं देतेत का? बोटानं देतेत. म्हणलं जरा बारीक सांगावं." मग आपली बोटं बघत म्हणाली, "त्यांच्यात बोटाचंच काय वावडं हाय?"

मी तिला सांगितलं की लाइट-हार्टेड म्हटलं तर आनंदी स्वभावाची. लाइट-फुटेड म्हटलं तर चपळ पायांची. पण लाइट-हेडेड म्हटलं तर चक्कर आलेली.

"म्हंजे मन आन् पाय हलके चालतेत. डोकं आन् बोटं न्हाई."

"हो."

"आपल्यात हात हलका चालतो, कान न्हाई चालत." हलक्या कानाचा म्हणजे कुणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवणारा, हे मला तिच्याइतकं पटकन आठवलं नसतं. ती पुढं म्हणाली, "आन् जमीन तर न्हाईच न्हाई." काकांची जमीन हलकी आहे. खाली मुरूम लागतो.

पुढं ती म्हणाली, "पण तू बोललीस कशी?"

 एरवी मी वाक्य आधी मनात जुळवते, तपासते, आणि तोवर बोलणं दुसऱ्या विषयावर गेलेलं असतं. त्या दिवशी जुळवायला वेळ नव्हता. एवढंच मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "मग जुळवत जाऊ नको." तिला ते फार सोपं वाटतं.

मी टोळी निघेपर्यंत तिथंच राहिले. कुणी राहा म्हणालं नाही, जा म्हणूनही कुणी म्हणालं नाही. हॉस्पिटलकडून काही आलं नाही. बहिणीनं डॉक्टरांचा निरोप घेतला. पांढरा कोट धुऊन, घडी करून पेटीत ठेवला. मी पाहिलं, तो तिनं पेटीत वर नाही, तळाशी ठेवला. मग स्वतःचं अंथरूण-पांघरूण एका निळ्या चादरीत बांधलं. काकूंनी तिच्यासाठी भाकरीचा वेगळा तवा घेतला. कोपीवर दोघी असल्यावर दोन चुली पेटवता येतील, असं त्या म्हणाल्या. बहीण नुसतं "हां" म्हणाली.

टोळीचा ट्रॅक्टर निघायच्या आदल्या संध्याकाळी दारात आला. काका ट्रॉलीत चढले आणि आम्ही खालून सामान देत गेलो. आधी कोपीचे बांबू आणि ताडपत्री, मग धान्याची पोती, मग पेट्या आणि गाठोडी, त्यांच्यावर भांडी. बहिणीची पेटी आणि निळं गाठोडं मध्ये गेलं. काका वरून दोर आवळत होते तेव्हा तिच्या फोनवर संदेश वाजला. तिनं पहिली ओळ पाहिली आणि फोन माझ्या हातात दिला.

"तू वाच. माझ्या इंग्रजीवर माझा भरवसा न्हाई आता."

मी एकदा मनात वाचला. मग मोठ्यानं, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत. तुमची निवड झाली आहे. लहान मुलांचा वॉर्ड. सोमवारी हजर व्हावं. पहिले सहा महिने तात्पुरते, काम पाहून मग कायम.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचला. तिनं शब्दावर बोट ठेवून विचारलं, "ह्याचा दुसरा काही अर्थ न्हाई ना?"

"नाही. निवड म्हणजे निवडच."

काका ट्रॉलीत दोर हातात धरून उभे होते. "सा म्हैने म्हणलं का?"

"हो काका."

"म्हंजे आमी माघारी यीपर्यंत." त्यांनी दोराकडे पाहिलं, मग रचलेल्या सामानाकडे. "हिचं निळंच ना गाठोडं?"

"ते खाली दबलंय आता," काकू म्हणाल्या. "आदी कळवायला काय झालतं त्यांना? सगळं रचल्यावर!" त्या ओरडत होत्या आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होत्या. मग त्यांनी पातेली उतरवून घ्यायला हात वर केले.

काकांनी दोर सोडला. भांडी खाली आली, वरचं एक पोतं आलं, मग बहिणीची पेटी आणि निळं गाठोडं. पेटी तिनं स्वतः घरात नेली, उघडली आणि तळाचा पांढरा कोट वर काढला. बाहेर ट्रॉलीत मध्ये जागा मोकळी राहिली होती. काकांनी इकडं तिकडं पाहिलं, भिंतीशी ठेवलेलं सरपण मागवलं, ते तिथं बसवलं आणि दोर पुन्हा आवळायला घेतला.